योगेश हरवला आहे!

"अगं, कोण योगेश? आणि हरवला म्हणजे काय? पोलिसांत कळवलंत का?"

सासूबाई हातातली शेंगांची परडी तशीच टाकून दारात येऊन उभ्या होत्या. दोष त्यांचा नव्हताच. मघापासून मी फोनवर मैत्रिणीला सांगत होते, "अगं, योगेश कुठेच सापडत नाहीये. काल रात्री दोनपर्यंत शोधला. २००४ साली होता माझ्याकडे, त्यानंतर पत्ताच नाही. आणि त्याच्याशिवाय काकूंचं काही खरं नाही बघ!" आता हे अर्धवट ऐकून कुठल्या बाईच्या छातीत धस्स होणार नाही?

"आई, योगेश माणूस नाही हो. फॉन्ट आहे, फॉन्ट."

"म्हणजे?"

"म्हणजे... अक्षरांचं वळण."

"अक्षराचं वळण हरवतं होय? आमच्या वेळी नुसतं बिघडायचं!" असं म्हणून त्या पुन्हा शेंगा सोलायला गेल्या. मी मात्र हसू की रडू अशा अवस्थेत कॉम्प्युटरसमोर बसून राहिले.

मैत्रिणींनो, मी गेली पंचवीस वर्षं सांगलीत घरून डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणं, शाळांच्या स्मरणिका, बचत गटाच्या मसाल्यांची लेबलं, असं सगळं. या धंद्यात "फॉन्ट मिसिंग" हे शब्द म्हणजे ऐन पाहुण्यांच्या वेळी गॅस संपावा तसे. पण बहुतेक वेळा काम निभावून जातं. पत्रिकेचा एक फॉन्ट नाही मिळाला तर दुसरा लावायचा. मुलीच्या बापाला 'चि. सौ. कां.' नीट दिसल्याशी मतलब. या वेळी तसं नव्हतं.

काकूंच्या वह्या

काकू आमच्या नात्यातल्या नाहीत, पण नात्यापेक्षा जवळच्या. गावभागात राहणाऱ्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नोकरीत जत, तासगाव भागातल्या खेड्यांत बदल्या झाल्या. जिथे जातील तिथल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायचा त्यांना छंद. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. आता बाई जाईल तशी तिची ओवीही जाईल, असं त्यांना वाटायचं. अशा चार वह्या भरल्या होत्या. प्रत्येक ओवीखाली सांगणाऱ्या बाईचं नाव आणि गाव.

२००४ साली त्या वह्या पिशवीत घालून माझ्याकडे आल्या. "पुस्तक करायचंय. पेन्शनीतून जमेल तेवढं देईन." मी तेव्हा या धंद्यात नवीन. पेजमेकरवर पुस्तक लावायचं माझं ते पहिलंच काम. रोज दुपारी काकू शेजारी बसायच्या, वाचून दाखवायच्या, मी टाइप करायची. शंभर प्रती निघाल्या. ज्या बायकांनी ओव्या दिल्या होत्या त्यांना काकू स्वतः एसटीनं जाऊन पुस्तक देऊन आल्या. त्यांतल्या कितीतरी जणींचं नाव रेशनकार्डाबाहेर कुठेच छापलेलं नव्हतं. एकीला वाचता येत नव्हतं. तिनं नातवाकडून आपलं नाव कुठे आहे ते विचारून घेतलं आणि त्यावर बोट ठेवून बसली, हे काकूंनी मला तेव्हा सांगितलं होतं.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णामाईचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं. गावभागातली घरंच्या घरं पाण्यात. काकूंना बोटीतून बाहेर काढलं, वह्या आणि पुस्तकाच्या उरलेल्या प्रती कपाटाच्या खालच्या खणात राहिल्या. पाणी ओसरल्यावर वह्यांचा अक्षरशः लगदा झाला होता. पुस्तकाची एक प्रत हाती लागली, तीही फुगलेली, पानाला पान चिकटलेलं. दिलेल्या प्रती शोधायचा प्रयत्न झाला. कुणी गाव सोडलेलं, कुणाच्या घरी रद्दीत गेलेली.

परवा काकू आल्या. ऐंशी ओलांडली, नजर कमी झालीये. म्हणाल्या, "तुझ्या कॉम्प्युटरात असेल ना गं ते? पुन्हा छापू या. माझ्यामागे कुणी विचारलं तर हातात द्यायला काहीतरी हवं."

"आहे ना काकू!" मी छातीठोकपणे सांगितलं. कारण कामाच्या सगळ्या फायली मी सीडीवर काढून ठेवते. माझा जुना कॉम्प्युटर आणि त्यातला पेजमेकर अजून चालतो. फाईल उघडली. एक चौकट आली: अमुक फॉन्ट नाही, त्याऐवजी तमुक वापरतो, चालेल का? मी 'ओके' म्हटलं आणि पडद्यावर जे उमटलं ते पाहून काकूंनी चष्मा पुसला. डोक्यावर दोन टिंबं असलेले इंग्रजी ओ, मधेच पौंडाचं चिन्ह, कुठे अधिक, कुठे कंस. एकशेबारा पानं, आणि त्यात मराठीचं एक अक्षर नाही.

"हे काय गं?" काकूंनी विचारलं. मला उत्तर देता येईना.

मिसळणाच्या डब्याची गोष्ट

असं का होतं, ते आपल्या भाषेत सांगते. आपल्या घरात मिसळणाचा डबा असतो. माझ्या डब्यात तिसऱ्या वाटीत हळद, तुमच्या डब्यात तिसऱ्या वाटीत तिखट. आता मी कृती लिहिताना 'हळद' असं न लिहिता 'तिसऱ्या वाटीतलं अर्धा चमचा' असं लिहिलं, आणि ती कृती तुम्ही तुमच्या डब्यावरून केलीत, तर काय होईल? जुन्या मराठी फॉन्टचं नेमकं हेच होतं.

तेव्हाच्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ घरं. तीही मुळात इंग्रजी अक्षरांसाठी आखलेली. आपली जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, रफार त्या घरांत दाटीवाटीनं बसवायचे. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम, प्रत्येकानं आपापल्या सोयीनं वाट्या लावल्या. त्यामुळे फाईलमध्ये 'म' लिहिलेला नसतोच मुळी. फाईलमध्ये असतो वाटीचा नंबर. त्या वाटीत 'म' आहे हे फक्त त्या फॉन्टला ठाऊक. फॉन्ट गेला की कॉम्प्युटर बिचारा आपल्या इंग्रजी डब्यातून त्या नंबरचं जे असेल ते वाढतो.

युनिकोड आल्यावर हा घोळ संपला. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर. डबा कुणाचाही असो, हळद ती हळदच. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे, पण आपल्यापर्यंत ती पोचली विंडोज २००० पासून. त्यातला 'मंगल' हा फॉन्ट आपल्या र. कृ. जोशी सरांनी घडवलेला. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुराचा फॉन्ट हरवला तर रूप बदलेल, ओळी खालीवर होतील, पण 'म' चा 'म' राहील. छपाईच्या दुनियेत मात्र कितीतरी वर्षं जुनेच फॉन्ट चालत राहिले, कारण पेजमेकरला युनिकोड मराठी झेपतच नव्हतं. म्हणून आपल्याकडच्या कितीतरी स्मरणिका, घराण्यांचे कुलवृत्तांत, आजीच्या आठवणी आज अशाच कुलूपबंद पडल्या आहेत. मी तिजोरी जपली होती आणि किल्ली फेकून दिली होती. २०११ मध्ये व्हायरस शिरला म्हणून मशीन फॉरमॅट केलं, पेजमेकर परत टाकला, पण फॉन्ट काही परत टाकले नाहीत.

आधी पूर्ण नाव विचारा

हरवलेल्या माणसाची तक्रार देताना आधी काय विचारतात? पूर्ण नाव. इथेही तेच. ती मिसिंग फॉन्टची चौकट आपण घाईनं बंद करतो, पण सगळी माहिती तिच्यातच असते. कोरलमध्ये फाईल उघडताना नावांची यादी येते. इनडिझाईनमध्ये फॉन्ट नसलेला मजकूर गुलाबी पट्ट्यात दिसतो आणि 'टाइप'च्या मेनूत फॉन्ट शोधायची चौकट असते. इलस्ट्रेटरमध्येही यादी येते. फोटोशॉपमध्ये अक्षरांच्या लेअरवर छोटा पिवळा त्रिकोण दिसतो. पीडीएफ असेल तर तिच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'फॉन्ट्स' असा भाग असतो, तिथे वापरलेल्या फॉन्टची नावं मिळतात. नाव कागदावर लिहून घ्या. अगदी अक्षर न् अक्षर, मधली रेघसुद्धा.

मी काय केलं? पंचवीस वर्षांची डीटीपीवाली मी, नाव अर्धंच वाचलं. 'योगेश' दिसलं आणि शोधायला निघाले.

इंटरनेटवर शोध सुरू केला. एका साइटवर मोठं हिरवं बटण: फुकट डाउनलोड. दाबलं तर खाली उतरलेल्या फाईलचं शेपूट होतं 'ईएक्सई'. नशीब, उघडायच्या आधी लक्ष गेलं. बायांनो, हे नीट ध्यानात ठेवा. फॉन्टच्या फाईलचं शेपूट 'टीटीएफ' नाहीतर 'ओटीएफ' असतं. फॉन्ट म्हणून 'ईएक्सई' कुणी देत असेल तर शंकाच घ्या. ती फाईल उघडली की काय घरात शिरेल सांगता येत नाही. मी ती तशीच पुसून टाकली.

दुसऱ्या ठिकाणी खरा 'टीटीएफ' मिळाला. नावात 'डीव्ही-टीटी योगेश'. आनंदानं उडीच मारली! कॉम्प्युटरवर टाकला, पेजमेकर बंद करून परत उघडला. तरी चौकट म्हणे, फॉन्ट नाही. मी हट्टानं त्याच्या जागी हा निवडून दिला. आणि काय सांगू, मराठी अक्षरं आली! पण ती कुठलीच भाषा नव्हती. एका काना-मात्रेला दुसरीचा पत्ता नाही. मघाशी निदान इंग्रजी कचरा होता, आता मराठी कचरा झाला.

मग शांतपणे चौकटीतलं नाव पुन्हा वाचलं. फाईल मागत होती 'डीव्हीबीडब्ल्यू-टीटी योगेश'. मी आणला होता नुसता 'डीव्ही'. नावातला तो 'बी' म्हणजे द्विभाषी. एकाच फॉन्टमध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही बसवायचं, म्हणून त्याच्या वाट्यांची मांडणीच वेगळी. दोघं भाऊ दिसायला अगदी जुळे, पण घरं निराळी. हे आधीच ओळखता आलं असतं. या कुटुंबातल्या एकभाषी फॉन्टचा मजकूर उघडा पडला की डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी 'ई' पावलोपावली दिसतो, तर माझ्या द्विभाषीत दोन टिंबांचा 'ओ'. तो म्हणजे आपल्या अक्षराचा उभा दंड आणि काना. म, न, त, प, सगळ्यांनाच दंड लागतो, म्हणून तो इतक्यांदा येतो.

तेवढ्या गडबडीत एक गोष्ट शहाणपणाची केली होती. मूळ फाईलला हात न लावता तिच्या प्रतीवर प्रयोग चालले होते. बदली फॉन्ट लावून फाईल 'सेव्ह' केली की कधी कधी मूळ फॉन्टचं नावच पुसलं जातं. मग शोधायचं काय, हेही कळत नाही.

लाडवाचा डबा

या वेळी मी मिरजेच्या मैत्रिणीला फोन केला. आम्ही दोघींनी डीटीपीचा कोर्स एकत्र केला होता. तोच तो 'योगेश हरवलाय' वाला फोन. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "तू तेव्हा सॉफ्टवेअर बिल देऊन घेतलं होतंस ना? मग त्याची सीडी कुठे आहे?"

खरंच की! मंगळसूत्राच्या वाट्या सोडून बाकी सोनं मोडून मी तेव्हा कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर घेतलं होतं. जगभर शोधत बसले आणि घरात पाहिलंच नाही. मैत्रीण पुढे म्हणाली, "माझ्याकडचा पाठवलाही असता, पण फॉन्टला लायसन असतं गं. ज्यानं विकत घेतला त्यानं वापरायचा. आपण चोरून पत्रिका छापलेली आपल्याला चालेल का?" मुद्दा बरोबर होता. फॉन्ट हे कुणाचं तरी महिनोन्‌महिन्यांचं काम असतं. एकेका अक्षराचं वळण बसवण्यात माणसं आयुष्य घालवतात.

पण सीडी ठेवली कुठे? टेबलाचे खण झाले, कपाट झालं, पुस्तकांच्या मागे पाहून झालं. दुपारी मी हताश होऊन बसले, तर सासूबाई म्हणाल्या, "बिलांबरोबर असेल तर माळ्यावर बघ. लाडवाच्या मोठ्या डब्यात. तू फेकायला काढलं होतंस ते सगळं. मी ठेवलं."

शिडी लावली. डबा काढला. त्यात टीव्हीचं गॅरंटी कार्ड, बंद पडलेल्या मिक्सरचं बिल, मुलाचं पोलिओच्या डोसाचं कार्ड आणि तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीला रबर लावून, तीन सीड्या. एकीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'मराठी फॉन्ट'.

बसवायचा कसा?

सीडीतून 'टीटीएफ' फायली आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. माझ्या जुन्या मशीनवर कंट्रोल पॅनेलमधल्या 'फॉन्ट्स' या फोल्डरमध्ये फाईल नेऊन टाकली की काम होतं. आताच्या विंडोजवर फाईलवर उजवं बटण दाबून 'इन्स्टॉल' म्हणायचं. पण त्याखाली 'इन्स्टॉल फॉर ऑल युझर्स' असाही पर्याय असतो, शक्यतो तो निवडा. नाहीतर फॉन्ट फक्त तुमच्या खात्यापुरता बसतो आणि एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरला तो दिसतच नाही. झिप फाईल मिळाली असेल तर आधी ती सोडवून घ्या, मगच आतला फॉन्ट बसवा. आणि डिझाईनचं सॉफ्टवेअर एकदा बंद करून परत उघडा.

आणखी एक अडचण पूर्वीच्या लोकांना येते. नव्वदच्या दशकातले बरेच फॉन्ट 'टाइप वन' जातीचे होते. त्यांची जोडीनं फाईल असायची, 'पीएफबी' आणि 'पीएफएम'. विंडोजवर एक असून दुसरी नसेल तर उपयोग शून्य. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरनी जानेवारी २०२३ मध्ये या फॉन्टना रामराम ठोकला. त्यामुळे फॉन्ट कॉम्प्युटरवर असूनही नव्या इनडिझाईनला तो दिसत नाही. असं झालं तर फॉन्ट बनवणाऱ्यांकडे त्याचं 'ओटीएफ' रूप मिळतं का ते विचारायचं. पेजमेकरच्या फायलीही नवं इनडिझाईन उघडत नाही. जुन्या सीएस ६ पर्यंतच ती सोय होती. म्हणून तर मी ते खटारा मशीन अजून सांभाळून आहे.

फॉन्ट बसवला. देवाचं नाव घेतलं. फाईल उघडली. चौकट आली नाही! आणि पहिल्या पानावर काकूंचं नाव, खाली 'सांगली, २००४'. मी ओरडलेच, "आई, योगेश सापडला!"

"बघ! आणि तू डबा फेकायला निघाली होतीस," स्वयंपाकघरातून आवाज आला.

आचारी की आचार्य?

सगळ्यात आधी त्या फाईलची पीडीएफ करून ठेवली. पण तेवढ्यावर थांबलं तर पंधरा वर्षांनी पुन्हा हेच. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये नेला. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. जुन्या फॉन्टचं नाव निवडायचं, मजकूर टाकायचा, युनिकोड मिळतो. दोन मिनिटांत एकशेबारा पानं झाली. मला वाटलं, झालं काम.

काकू भिंग घेऊन प्रूफ वाचायला बसल्या आणि तिसऱ्याच पानावर थांबल्या. "अगं, हे 'दर्याखोर्या' काय लिहिलंयस? दर्या म्हणजे समुद्र. जतच्या बाईच्या ओवीत समुद्र कुठला?"

मूळ शब्द होता 'दऱ्याखोऱ्या'. आपला मराठीचा तो पापणीसारखा दिसणारा अर्धा 'र' कन्व्हर्टरनं उचलून रफार करून टाकला होता. शाळेत नाही का आपल्याला शिकवायचे, 'आचाऱ्याला' बोलावलं तर जेवण मिळेल आणि 'आचार्याला' बोलावलं तर प्रवचन! तसंच 'कऱ्हाड'चं सगळीकडे 'कर्हाड' झालेलं. त्या गावच्या बायका पुस्तकात सात होत्या. काही ठिकाणी पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटली होती. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर लिहिली जाते. जोडाक्षर आलं की गडबड होते. तेव्हा कन्व्हर्टरवर विसंबू नका. माणसानं वाचायलाच हवं, आणि नावं तर दोनदा.

वाचता वाचता आणखी एक उलगडा झाला. शेवटच्या घटकेला छापखान्यात आठ ओव्या वाढवल्या होत्या, त्या माझ्या फाईलमध्ये नव्हत्याच. ते बदल तिथल्या मशीनवर झाले होते. तो छापखाना कधीच बंद झाला. काकूंनी डोळे मिटून पाच आठवल्या, नावांसकट. भिजलेल्या प्रतीतलं ते पान सोडवायला गेलो तर हातात तुकडे आले. तीन ओव्या गेल्याच. त्या बायकांची नावं मात्र काकूंनी शेवटच्या पानावर घालायला लावली. "ओवी नाही आठवत, पण त्या होत्या, एवढं तरी राहू दे."

पुस्तक नव्यानं लावताना

आता मराठीसाठी चांगले आणि मोकळ्या परवान्याचे युनिकोड फॉन्ट बरेच आहेत. मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्त' आणि 'बालू', आयआयटी मुंबईचा 'शोभिका', गूगलचा 'नोटो'. फुकट उतरवून घेता येतात, छापील कामालाही चालतात. पुस्तकाच्या मजकुराला मी 'शोभिका' घेतला. काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' ची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की आपली वळणं येतात. इनडिझाईनमध्ये मात्रा-वेलांट्या विस्कटलेल्या दिसल्या तर घाबरू नका. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी कम्पोझर' निवडा, अक्षरं जागेवर येतात.

माझ्यासारखं घरून काम करणाऱ्या मैत्रिणींसाठी एवढं सांगते:

• काम संपलं की फाईलबरोबर फॉन्टही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. इनडिझाईनमध्ये 'पॅकेज', कोरलमध्ये 'कलेक्ट फॉर आउटपुट' हे काम करतं. मात्र ॲडोबीच्या वर्गणीतून घेतलेले फॉन्ट पॅकेजमध्ये येत नाहीत, त्यांची नावं लिहून ठेवा.

• छापायला देताना अक्षरांचे 'कर्व्ह' करा, म्हणजे समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी अडत नाही. पण कर्व्ह न केलेली प्रत आपल्याकडे हवीच. कर्व्ह केल्यावर अक्षर हे अक्षर राहत नाही, चित्र होतं. चूक सुधारता येत नाही.

• प्रत्येक कामाची शेवटची, छापखान्यातल्या दुरुस्तीसकटची पीडीएफ मागून घ्या. मी तेवढं केलं असतं तर त्या तीन ओव्या आज असत्या.

• मशीन फॉरमॅट करायच्या आधी विंडोजमधलं 'फॉन्ट्स' फोल्डर उतरवून घ्या.

• फॉन्टच्या सीड्या, बिलं आणि लायसनचे नंबर एकाच जागी ठेवा. ती जागा घरात आणखी एका माणसाला माहीत असू द्या.

• घरात कुणाचं जुनं लिखाण जुन्या फॉन्टमध्ये पडलं असेल तर आजच उघडून पाहा. उघडतंय तोवर युनिकोडमध्ये न्या.

माझे सासरे छापखान्यात खिळे जुळवायचे. सासूबाई सांगतात, एखाद्या मोठ्या कामात खणातले 'ण' नाहीतर 'ळ' संपले की पोरगं शेजारच्या छापखान्यात धावायचं, मूठभर अक्षरं उसनी आणायला. काम झालं की मोजून परत. अक्षर कमी पडलं म्हणून दुसरंच लावून वेळ मारून नेलेलं त्यांना खपायचं नाही.

नव्या पुस्तकाच्या पन्नास प्रती मागच्या आठवड्यात आल्या. पहिली काकूंना दिली. त्यांनी भिंग लावून मधलंच एक पान काढलं आणि एका नावावर बोट ठेवलं. "ही दळता दळताच सांगत होती. मी म्हटलं, जरा थांब, लिहून घेते. तर म्हणाली, जातं थांबलं की ओवी थांबते बाई." मग पान मिटून म्हणाल्या, "या वेळी एक प्रत वरच्या खणात ठेवते."

आणि आमच्या घरी? लाडवाचा तो डबा आता माळ्यावरून खाली, माझ्या टेबलाशेजारी आलाय. आत तीन सीड्या, त्यांची पेनड्राइव्हवरची प्रत आणि लायसनची बिलं. झाकणावर सासूबाईंनी माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय: 'यात योगेश आहे. फेकू नये.'